कंटाळ्याला अनुदान

माणूस पैशासाठी काय वाटेल ते करतो, असं म्हणतात. असं म्हणणाऱ्याने घरातला जुना पंखा बदलण्याचा विषय कुणापुढे कधी काढलेला नसावा. हिशेब तिसरीतल्या पोराला जमेल इतका सोपा आहे. छताचा साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज खातो. बीएलडीसी नावाचा जो नवा पंखा बाजारात आला आहे, तो तेवढंच वारं ३० वॉटमध्ये देतो. दिवसाचे बारा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. वीजदर, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यांवर स्वार होऊन येणारं वीज शुल्क असं मिळून युनिटला दहा रुपये धरले, तर वर्षाचे झाले सोळाशे. पंख्याची किंमत तीन हजारांच्या आगेमागे. म्हणजे गुंतवणुकीवर वर्षाला पन्नास टक्क्यांहून अधिक परतावा, आणि न झालेल्या खर्चावर प्राप्तिकर बसत नसल्याने तोही करमुक्त. मुदत ठेवीवर पाव टक्का जास्त मिळतो म्हणून भर उन्हात दुसऱ्या बँकेपर्यंत चालत जाणारा, तिथे ज्येष्ठ नागरिकांचा अर्धा टक्का वेगळा मागून घेणारा आणि पासबुक भरून मिळेपर्यंत खिडकीसमोरून न हलणारा गृहस्थ दुपारी घरी येऊन पाठ टेकतो, तो नेमका या पन्नास टक्क्यांच्या खाली. वर पंखा कुईकुई करत असतो. ‘याला एकदा तेल घालायला पाहिजे,’ असं तो वर्षातून दोनदा म्हणतो आणि कूस बदलतो.

हा दोष आपल्याच मातीचा असता तर त्यावर चार शेरे मारून गप्प बसता आलं असतं. पण घरातली ऊर्जा वाचवण्याच्या बाबतीत सगळं जग एका कुशीवर झोपलेलं आहे. थंड देशांत तर हिवाळाभर घर तापवायचं आणि ती ऊब छपरातून, फटींतून आकाशाला दान करायची, असा प्रकार चालतो. फटी बुजवल्या तर पैसे वाचतात हे तिथे सर्वांना पाठ आहे. अर्थशास्त्रज्ञ बरीच वर्षं डोकं खाजवत आहेत की, फायदा असा पायाशी पडलेला असताना माणूस वाकून तो उचलत का नाही. सरकारांनी डोकं न खाजवता उत्तर काढलं: लोकांकडे पैसे नसतील, आपण देऊ. मग कुठे अनुदान, कुठे स्वस्त कर्ज, कुठे करात सूट, कुठे कूपन. माझं म्हणणं असं की, हे निदान बहुतेक वेळा चुकतं. दुखणं खिशात असतं तेव्हा पैसा लागू पडतो. इथलं दुखणं कंटाळ्याचं आहे. आणि कंटाळा म्हणजे आळस नव्हे, हा फरक सरकारी कागदपत्रांत कुठेच सापडत नाही. आळशी माणूस काहीच करत नाही. कंटाळलेला माणूस बाकी सगळं करतो, ते एक सोडून. कारण त्या एकात तीन दुकानं, दोन सह्या, एक ‘उद्या नक्की येतो’ म्हणणारा इलेक्ट्रिशियन आणि घरात पडणारा कचरा असतो. त्या कंटाळ्याची सोय ज्या योजनेने पाहिली ती पैसा न देताही चालली, आणि जिने फक्त पैसा ओतला ती बुडाली किंवा तिने तिजोरी बुडवली.

पुरावा म्हणून आधी अमेरिकेतल्या मिशिगन राज्याकडे जाऊ. तिथे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सरकारी योजना आहे. घराच्या फटी बुजवून मिळतात, छताखाली अस्तर घालून मिळतं, घर तापवण्याचं जुनं यंत्र बदलून मिळतं, आणि हे सरासरी पाचेक हजार डॉलरचं काम पूर्ण फुकट होतं. मेरेडिथ फाउली, मायकल ग्रीनस्टोन आणि कॅथरिन वुल्फ्रम या तीन अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे तीस हजार कुटुंबं घेतली आणि त्यांतल्या काही हजारांच्या अक्षरशः मागे लागायची व्यवस्था केली. फोन झाले. जवळजवळ सात हजार वेळा माणसं दारापर्यंत जाऊन आली. अर्ज भरून द्यायलाही मदत होती. आपल्याकडे एवढा पाठपुरावा फक्त लग्नाळू मुलाचा होतो. फळ काय, तर ज्यांच्या मागे लागले त्यांतल्या सहा टक्क्यांनीही काम करून घेतलं नाही. ज्यांनी घेतलं त्यांच्यामागे नुसत्या मनधरणीचा खर्च घरटी हजार डॉलरच्या वर गेला. ‘फुकट ते पौष्टिक’ ही आपली म्हण मिशिगनमध्ये खोटी ठरली. अर्थात ती खरी कशी ठरणार? फुकट होतं ते काम. अर्ज, उत्पन्नाचे कागद, तपासनिसाची भेट आणि मजुरांसाठी घरी थांबण्याचा दिवस यांतलं काहीही फुकट नव्हतं.

मात्र या विषयावरचा माझा सर्वांत आवडता पुरावा ब्रिटनचा आहे, कारण तो वाचताना ब्रिटिश आणि मराठी माणसाचं नातं राज्यकर्ते आणि प्रजा यापेक्षा किती जवळचं आहे हे ध्यानात येतं. तिथल्या घरांना उतरतं छप्पर असतं आणि छपराखाली माळा. माळ्याच्या जमिनीवर जाड अस्तर अंथरलं की खालच्या खोल्यांची ऊब वर जात नाही. या कामाला भरघोस सवलत होती, खर्च थोड्या वर्षांत वसूल होत होता, तरी लोक पुढे येईनात. ब्रिटिश सरकारने माणसांच्या वागण्याचा अभ्यास करायला एक खास पथक नेमलं होतं. २०११ च्या सुमारास या पथकाला शोध लागला की, आडवा येतोय तो पैसा नाही, माळा आडवा येतोय. माळा भरलेला आहे. अस्तर घालायचं तर तो रिकामा करावा लागेल, आणि माळा रिकामा करायचा म्हणजे तीस वर्षांच्या संसाराशी समोरासमोर बसायचं. मग त्यांनी एक छोटा प्रयोग केला: अस्तर घालण्याबरोबर माळा आवरून देण्याची सेवा, आणि तिचे पैसे वेगळे. म्हणजे एकूण काम महाग झालं. आणि महाग झाल्यावर ते घेणारे तिपटीहून वाढले! अर्थशास्त्राच्या पुस्तकात किंमत वाढली की मागणी घटते; त्या पुस्तकाच्या लेखकाने आपला माळा पाहिला नसणार.

हे वाचून ज्याला नवल वाटेल त्याने आपल्या स्वयंपाकघराच्या दारावरच्या माळ्याकडे एकदा मान वर करून पाहावं. तिथे तांब्याचा बंब असतो, जो विकायचा तर मोड म्हणून वजनावर जातो आणि ठेवायचा तर आजीची आठवण होतो. एका मुठीची सुटकेस असते. पाळणा असतो, ज्यात झोपलेलं मूल आता बंगळूरला नोकरी करतं आणि लग्नाचं नाव काढत नाही, पण पाळणा आशेवर आहे. थर्माकोलचं मखर असतं, मागच्या टीव्हीचं खोकं असतं, आणि त्या खोक्यात त्याच्या मागच्या टीव्हीचा रिमोट. ‘लागेल कधीतरी’ या दोन शब्दांवर महाराष्ट्रातली कितीतरी घनफूट जागा तारण आहे. एसीवाल्याला पाइप न्यायला वाट हवी असो, वायरमनला जुनी वायरिंग बदलायची असो की वरच्या मजल्यावरच्या घराला स्लॅबखाली फॉल्स सीलिंग करून उष्णता अडवायची असो, सगळे रस्ते या माळ्याखालून जातात. कोणत्याही अनुदानाच्या अर्जात ‘माळ्याची सद्यःस्थिती’ असा रकाना मात्र नसतो.

याच ब्रिटनने आपल्याच पथकाचं ऐकलं असतं तर पुढची फजिती टळली असती. जानेवारी २०१३ पासून तिथे ‘ग्रीन डील’ नावाची योजना आली. घर सुधारायला कर्ज घ्यायचं, कर्ज माणसाच्या नव्हे तर घराच्या वीजमीटरच्या नावावर, आणि हप्ता बिलात वाचलेल्या पैशातून फेडायचा. कल्पना इतकी सुबक की ती सुचणाऱ्याला त्या रात्री झोप आली नसेल. पण आधी तपासनीस बोलवा, मग त्याचा अहवाल, मग कर्जाचा करार आणि व्याज सात टक्क्यांच्या आसपास. सुमारे चौदा हजार घरांनी कर्ज घेतलं. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी हिशेब मांडला तेव्हा एका कर्जामागे करदात्यांचे सतरा हजार पौंड पडल्याचं निघालं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही कोंबडी न शिजता. जुलै २०१५ मध्ये सरकारने हात आखडता घेतला. पुढे २०२० मध्ये कर्जाऐवजी सरळ कूपन देऊन पाहिलं: दीडशे कोटी पौंड, सहा लाख घरं. सहा महिन्यांत योजना गुंडाळली, तेव्हा काम झालेली घरं पन्नास हजारांच्या आतच भरली. पैसा होता, पण मान्यताप्राप्त कारागीर शोधून आणण्याचं काम घरमालकावर टाकलं होतं. भिंतीला अस्तर घालणारा मान्यताप्राप्त माणूस शोधणं आणि रविवारी नळ दुरुस्त करणारा शोधणं यांत फार फरक नसतो.

यावर कुणी म्हणेल की, हे सगळे अर्धवट पैसे देण्याचे प्रकार झाले. पोटभर द्या, मग बघा कंटाळा कसा पळतो. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण इटलीने तो गंभीरपणे घेतला. २०२० च्या मे महिन्यात, कोरोनाने अर्थव्यवस्था आडवी पडलेली असताना, तिथे ‘सुपरबोनुस’ जाहीर झाला. घराची ऊर्जा-श्रेणी दोन पायऱ्यांनी सुधारा, खर्चाच्या ११० टक्के परत मिळतील. शंभर नव्हे, एकशे दहा. करातून ती रक्कम वळती करायची, आणि तेवढा कर आपल्याला नसेल तर तो हक्क बँकेला किंवा ठेकेदाराला विकून मोकळं व्हायचं. ठेकेदार स्वतः दारात येऊ लागला. कागद तो करणार, पैसे तो वसूल करणार, मालकाने फक्त सही करायची. कंटाळा खरोखरच पळाला. इतका की देशात बांधकामाच्या परांच्या मिळेनाशा झाल्या. पण ज्याला खर्चाच्या वर दहा टक्के मिळणार तो ‘एवढे कसे झाले?’ हा प्रश्न कशाला विचारेल? ज्या प्रश्नावर जगभरातल्या घरबांधणीचा तोल टिकून आहे तोच प्रश्न इटलीतून नाहीसा झाला. पंतप्रधान मारिओ द्रागी यांनी २०२२ मध्ये युरोपीय संसदेत सांगितलं की, कामांचे खर्च तिपटीहून वाढलेत. त्यांच्या अर्थमंत्र्यांनी या सवलतींच्या खरेदी-विक्रीतल्या लबाड्यांना प्रजासत्ताकाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या घोटाळ्यांत बसवलं. सुमारे पाच लाख इमारती आणि बारा हजार कोटी युरोंच्या वर खर्च, असा शेवटचा आकडा झाला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवतात हे आपल्याला माहीत होतं; इथे तुळशीपत्रासाठी हलवायानेच वर दहा टक्के दिले. एवढं मात्र कबूल करायला हवं की कंटाळा हेच मूळ दुखणं आहे, हे इटलीनेही सिद्धच केलं. मालकाच्या डोक्यावरून कटकट उचलली, तेव्हाच काम हललं. चूक एवढीच की, कटकटीबरोबर मालकाच्या खिशातला शेवटचा रुपयाही उचलला.

आता आपल्याकडचं उदाहरण, आणि ते ऐकताना मान थोडी ताठ करायला हरकत नाही. ५ जानेवारी २०१५ रोजी एलईडी बल्बची राष्ट्रीय योजना सुरू झाली, जिला पुढे ‘उजाला’ हे नाव मिळालं. सरकारी वीज कंपन्यांनी मिळून काढलेल्या ईईएसएल या कंपनीने बल्ब घाऊक विकत घ्यायचे आणि लोकांना विकायचे. २०१४ मध्ये एक बल्ब तिला ३१० रुपयांना पडत होता. कोटींच्या मागण्या एकत्र करून निविदा काढत गेल्यावर २०१६ मध्ये तो ३८ रुपयांवर आला. घरात पोचेपर्यंत सत्तरच्या आसपास. आणि यात सरकारचं अनुदान शून्य होतं. आजवर छत्तीस कोटींहून जास्त बल्ब गेले, त्यांतले दोन कोटींहून जास्त महाराष्ट्रात. हे कसं झालं याचं उत्तर कंटाळ्याच्या बाजूने पाहिलं तर लगेच सापडतं. बल्ब जिथे विकायला ठेवला होता तिथे माणूस वीजबिल भरायला आधीच रांगेत उभा होता. एकदम पैसे द्यायचे नसतील तर बऱ्याच ठिकाणी दहा रुपये आता आणि बाकीचे दहा-दहा पुढच्या बिलांतून. घरी नेल्यावर इलेक्ट्रिशियन लागत नाही. स्टुलावर उभं राहून बल्ब लावणं ही या देशात साक्षरतेपेक्षा व्यापक विद्या आहे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे जुना पिवळा बल्ब स्वतःहून मरत असे. तो उडाला की अंधारात निर्णय घ्यावाच लागतो. पंख्याचा गुन्हा हाच की तो मरत नाही. वीस वर्षं कुईकुई करेल, हळू फिरेल, उन्हाळ्यात कंडेन्सर बदलून घेईल, पण मालकाला निर्णय घ्यायला लावणार नाही. म्हणूनच २०२३ मध्ये एक कोटी पंख्यांचं उद्दिष्ट ठेवून त्याच कंपनीने तीच युक्ती पंख्यांना लावायचं ठरवलं, तरी पंखा अजून बल्बासारखा घरोघरी पोचलेला नाही.

‘उजाला’वर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला, एलईडीच्या किमती तेव्हा जगभर उतरतच होत्या, मग श्रेय ईईएसएलला का? थोडं बाजाराला द्यावं. पण दोन वर्षांत ३१० चे ३८ करण्याची घाई बाजाराला एरवी नसते, शिवाय दुकानदार हप्ते पाडून देत नाही. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. वर्षाला ४८ अब्ज युनिटांच्या आसपास वीज वाचते हा सरकारी आकडा मोजलेला नाही, मांडलेला आहे: इतके बल्ब गुणिले इतके वॉट गुणिले इतके तास. मिशिगनच्या त्याच अभ्यासात असं मांडलेलं आणि प्रत्यक्ष मीटरवर दिसलेलं ताडून पाहिलं, तर वचनाच्या चाळीस टक्केही बचत निघाली नव्हती. तेव्हा आपल्याही आकड्यातून कुणी मोठा तुकडा कापून टाकला तर मी हरकत घेणार नाही. उरेल त्याच्यावरही अनुदानाचा एक पैसा पडलेला नाही, हे विसरू नये म्हणजे झालं.

गरिबांचं काय, हा खरा प्रश्न. ज्या घरात महिन्याचा किराणाच तीन हजारांत बसवायचा असतो तिथे पन्नास टक्के परताव्याच्या गप्पा कुचेष्टा ठरतात. तिथे दुखणं खिशाचंच आहे. कंटाळ्याची चैन त्या घराला परवडत नाही. कुठला दिवा कधी मालवायचा हे तिथल्या बाईला कोणत्याही ऊर्जा-तपासनिसापेक्षा जास्त कळतं. गंमत अशी की, तोच पंखा त्या घरात कमी रुपये वाचवतो. शंभर युनिटांच्या आतला दर कमी असल्याने वाचलेल्या युनिटची किंमतही कमी, म्हणून पंख्याचे पैसे वसूल व्हायला जास्त वर्षं. ज्याला गरज जास्त त्याचा फायदा कमी, असं हे गणित आहे, आणि इथे सरकारने रोख मदत केलीच पाहिजे. पण ती पुडीतून. चहापत्ती, तेल, शाम्पू ज्या मापात त्या घरात येतं त्याच मापात. ‘आधी सगळे भरा, पावती जोडा, मग खात्यात जमा होतील’ ही मदत ज्याच्याकडे आधी भरायला असतात त्यालाच मिळते. बिलातल्या दहा रुपयांच्या हप्त्याने जे केलं ते कित्येक उदार अनुदानांना जमलेलं नाही.

भाडेकरूचं दुखणं आणखी वेगळं. पंखा मालकाचा, बिल भाडेकरूचं, करार अकरा महिन्यांचा. मालकाने पंखा का बदलावा? वाचणार भाडेकरूचे. भाडेकरूने का बदलावा? बाराव्या महिन्यात वारा खाणार दुसराच. भिंतींचं तर विचारू नका. घर उन्हाळ्यात तापू नये म्हणून भिंती, खिडक्या कशा असाव्यात याची ‘इको निवास संहिता’ केंद्राने २०१८ मध्ये काढली आहे. पण भिंत बांधतो बिल्डर आणि तिच्या तापण्याचे पैसे तीस वर्षं भरतो दुसरा, त्यामुळे घर दाखवताना मॉड्युलर किचनचे ड्रॉवर बारा वेळा ओढून दाखवले जातात आणि पश्चिमेच्या भिंतीपुढे कुणी थांबत नाही.

‘वाचवायला शिकवाल तर माणूस जास्त वापरेल,’ हा आक्षेप १८६५ पासूनचा आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने तो ब्रिटनच्या कोळशाबद्दल घेतला होता: यंत्रं काटकसरी झाली की कोळसा वाचत नाही, यंत्रं वाढतात. मेक्सिकोने २००९ ते २०१२ या काळात जुना फ्रिज किंवा एसी द्या आणि नव्याला पैसे घ्या अशी योजना चालवली. मागाहून मीटर तपासले तर फ्रिजमागे आठ टक्के वीज वाचली, अपेक्षेच्या पावपट. आणि नवा एसी आलेल्या घरांत वापर उलट वाढला. वाढेल नाहीतर काय, जुना एसी आवाज करायचा म्हणून बंद ठेवत असणार. तरी मेक्सिकोने एक शहाणपणा केला होता, जुनं यंत्र काढून घेऊन मोडीत घातलं होतं. आपल्याकडे ही अट नसेल तर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. आपला जुना फ्रिज मरत नाही, त्याची बदली होते. नवा स्वयंपाकघरात आला की जुना बाहेरच्या खोलीत पाण्याच्या बाटल्यांसाठी, तिथून गावच्या घरी, आणि अगदीच कॉम्प्रेसर गेला तर पापड-कुरडयांचं कपाट म्हणून. पंख्यांचीही अशीच बढती-बदली चालते. नवा हॉलमध्ये, हॉलचा आतल्या खोलीत, आतला गॅलरीत, जिथे आजवर पंखाच नव्हता. बचत करायला आणलेल्या पंख्याने घरात एक पंखा वाढवला! जेव्हन्सच्या तक्रारीचं उत्तर म्हणूनच अर्थशास्त्रात नाही, भंगारवाल्याकडे आहे.

उलट, कंटाळा आपल्या बाजूने जुंपला तर तो बैलासारखा काम करतो. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचा प्रत्येक घरगुती एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू होईल असा नियम झाला. अठरावर न्यायला बंदी नाही, बटण सहा वेळा दाबायचं एवढंच. एका अंशाला सहा टक्के वीज धरतात. रिमोट सोफ्याच्या फटीत गेला की देशाची तेवढी बचत. जानेवारी २०२३ पासून पंख्यांनाही स्टार लेबल सक्तीचं झालं, म्हणजे सगळ्यांत वाईट पंखा दुकानात येण्याआधीच बाद. निर्णय कारखान्यात होतो आणि गिऱ्हाईकाला कंटाळा करायला काही उरतच नाही. लोकांचं स्वातंत्र्य गेलं असं कुणाला वाटत असेल, तर वाईट पंखा निवडण्याचं स्वातंत्र्य वापरण्यासाठी कुणी मोर्चा काढल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

सध्या मात्र सगळं लक्ष छपरावर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली ‘पीएम सूर्यघर’ योजना एक कोटी घरांसाठी आहे आणि तिच्यामागे ७५,०२१ कोटी रुपये मंजूर आहेत. एका घराला तीन किलोवॉटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपये. योजना चांगली आहे. पंख्यापेक्षा तिचं नशीब बलवत्तर याचं एक कारण असं की, पॅनल दिसतं. न वापरलेलं युनिट पाहुण्याला दाखवता येत नाही, छपरावरची निळी पाटी शेजाऱ्यालाही दिसते. बंगलेवाला ती लावून घेईलही. पण आपल्या शहरांतली छपरं सोसायटीची असतात, आणि सोसायटी म्हणजे कंटाळ्याची सहकारी नोंदणी. सामाईक विजेसाठी, म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी, किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात. त्यासाठी लागतो सर्वसाधारण सभेचा ठराव. सभेला गणसंख्या नसते, ती अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी पुन्हा भरते. वरच्या मजल्यावरचा सभासद म्हणतो, आधी माझं लीकेज काढा, मग पाय रोवा. पहिल्या मजल्यावरचा म्हणतो, मी लिफ्ट वापरत नाही. कुणाला वाळवणं आठवतात, जी तिथे दहा वर्षांत कुणी घातलेली नाहीत. एक जण बाजूला टॉवर येणार असल्याचं सांगतो, मग सावलीवर अर्धा तास. शेवटी तीन दरपत्रकं मागवण्याचं ठरतं आणि ती मागवण्याची जबाबदारी गैरहजर सभासदावर टाकली जाते. इथे १८,००० चे २५,००० केल्याने काय होणार? त्याऐवजी तेच पैसे खर्चून सभेला एक माणूस पाठवा, जो दरपत्रकं, गळतीची हमी, ठरावाचा मसुदा आणि मीटरचा अर्ज हे सगळं पिशवीत घालून आणेल. बिस्किटंही त्यानेच आणली तर उत्तम.

‘एवढं सगळं सरकारने का करावं? लोकांची बिलं, लोक बघतील,’ असं म्हणणाऱ्यांना फक्त भारनियमनाचे दिवस आठवायला सांगावं. उन्हाळ्याच्या संध्याकाळी एका घरात वाचलेली वीज दुसऱ्याच्या घरात उजेड पाडते. महाराष्ट्रातली आजवरची सर्वांत परिणामकारक घरगुती बचत त्याच भारनियमनाच्या योजनेने केली. तिला अर्ज नव्हता, अनुदान नव्हतं, आणि तिचा लाभ घ्यायचा कुणाला कंटाळाही करता आला नाही.

तेव्हा घरटी अनुदानाचा आकडा वाढवण्याआधी माझी साधी मागणी आहे. बिलावर एक रकाना छापा: ‘पंखे बदलून हवेत काय? हो / नाही.’ हो म्हटलं की पुढच्या आठवड्यात दोन माणसं शिडीसकट यावीत, त्यांनी जुना उतरवावा, नवा चढवावा, पडलेला कचरा झाडून घ्यावा, हप्ता बिलात लावावा आणि जुना पंखा डोळ्यांदेखत टेम्पोत टाकून न्यावा. शेवटच्या कलमावर घरोघरी वाद होतील, ‘चालू आहे हो तो’ असं हळव्या आवाजात सांगितलं जाईल, पण त्या दोघांनी ऐकू नये. घरचे कारभारी शेवटी त्यांना चहा पाजतील, जुना पंखा जड मनाने जाऊ देतील, आणि नव्याचं खोकं ते मोडायला लागले की धावत येऊन अडवतील. वॉरंटी आहे ना, खोकं लागेल कधीतरी. शिडी उभीच आहे तर जाता जाता तेवढं माळ्यावर ठेवून द्या.